बालवीर पथकाचे खेळ आणि उपक्रम

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात रत्नागिरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संस्थेच्या आवारात येत्या जूनपासून मुलांकरिता आठवड्यातून एकदा बालवीर पथक, ज्याला आपण आता सर्रास स्काऊट म्हणतो, ते सुरू करावे असा विचार कार्यकारी मंडळात चालू आहे. त्या निमित्ताने मी चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. मी विद्वान नव्हे. मॅट्रिक झालो, अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढली आणि पुढचे सारे आयुष्य खडू-फळ्याशी घालविले. परंतु त्यातील बरीच वर्षे शाळेचे पथक माझ्याकडे होते, आणि मुलांनी मला खेळ घ्यावयास शिकविले. त्यांनी जे शिकविले, आणि जे शिकताना मी चुकलो, तेवढेच आज आपणांपुढे ठेवणार आहे.

प्रथम थोडा इतिहास. कारण शेवटी मी आपणांकडे जी मागणी करणार आहे, तिचे मूळ या इतिहासात आहे. 1899-1900 साली दक्षिण आफ्रिकेतील मेफकिंग गावाला वेढा पडला असता तेथील मुलांनी निरोप पोहोचविण्याचे काम मोठ्या धीराने केले. गावाचे सेनापती बेडन-पॉवेल यांनी ते पाहिले. पोरांवर विश्वास टाकला तर ती जबाबदारीने वागतात, ही गोष्ट त्यांच्या मनात ठसली. पुढे ऑगस्ट 1907 मध्ये इंग्लंडजवळच्या ब्राउनसी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुलांचे आठ दिवसांचे शिबिर भरविले. त्यातील सुमारे निम्मी मुले श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील होती, तर बाकीची कष्टकऱ्यांच्या घरची. त्या काळच्या इंग्लंडात ही दोन्ही घरची मुले एका पंगतीला बसत नसत. बेडन-पॉवेल यांनी त्यांच्या चार टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीत दोन्हीकडची मुले मिसळली. 1908 साली त्यांचे पुस्तक निघाले आणि चळवळ जगभर पसरली.

हिंदुस्थानात ती 1909 साली बंगळूर येथे आली, पण कोणासाठी? गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना त्या पथकांचे दार बंद होते. तेव्हा श्रीराम वाजपेयी यांनी संयुक्त प्रांतात स्वतंत्र पथक काढले. 1916 साली ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे भारतीय मुलांची संघटना उभी केली. 1918 साली पंडित मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांच्या पाठबळाने अलाहाबादेस सेवा समितीची बालवीर संघटना निघाली. स्वातंत्र्यानंतर हे निरनिराळे प्रवाह एकत्र आले आणि 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही एकच संस्था झाली. पुढच्या वर्षी मुलींची गाईड संघटनाही तिच्यात सामील झाली. मुंबईस राहणाऱ्या आपल्या मंडळींना दादरच्या शिवाजी पार्कजवळचा स्काऊट हॉल परिचयाचा असेल. तो याच संस्थेचा.

आता मुख्य विषयाकडे वळतो. पुष्कळ पालकांची अशी समजूत असते, की खाकी गणवेश, गळ्यात स्कार्फ आणि स्वातंत्र्यदिनाचे संचलन म्हणजे स्काऊट. वस्तुतः ही सगळी वरची साल आहे. आतला गर आहे खेळ. शाळेत आपण आधी धडा शिकवितो आणि मग बक्षीस म्हणून खेळावयास सोडतो. पथकात धडा खेळाच्या पोटातच असतो. मुलाला गाठ बांधावयास सांगितली तर तो कंटाळतो. पण समोरच्या टोळीच्या आधी गाठ बांधून दोरी पलीकडे पोहोचवावयाची असली, की तोच मुलगा रात्री अंथरुणात पडल्या पडल्या चादरीच्या टोकाला गाठी मारीत बसतो.

याची गुरुकिल्ली टोळीपद्धतीत आहे. सहा ते आठ मुलांची एक टोळी, तिच्यावर मुलांतलाच एक टोळीनायक, आणि अशा तीन-चार टोळ्यांचे एक पथक. पथकाधिकाऱ्याने बत्तीस मुलांवर एकट्याने ओरडावयाचे नसते. त्याने चार टोळीनायकांशी हळू आवाजात बोलावयाचे असते. टोळीत प्रत्येकाला काम हवे. एकाकडे दोऱ्या, एकाकडे प्रथमोपचाराची पेटी, एकाकडे हजेरी, एकाकडे जेवणाचा हिशेब. ज्याच्याकडे काही काम नाही, तो मुलगा लवकरच खोडी काढतो. आणि खोडी काढणाराकडे सर्वांत जोखमीचे काम द्यावे, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे.

दीड तासाची सभा मी कशी आखीत असे ते सांगतो. ध्वजवंदन आणि प्रार्थना यांस पाच मिनिटे. हजेरी, नखे-गणवेश यांची तपासणी दहा मिनिटे. मग लगेच एक धावपळीचा खेळ दहा मिनिटे. कारण शाळेत दिवसभर बसून आलेल्या मुलाच्या पायांत साठलेली धाव आधी बाहेर पडली पाहिजे. नंतर एखादी नवी विद्या वीस मिनिटे, आणि त्याच विद्येचा उपयोग करावा लागेल असा खेळ पंधरा मिनिटे. पुढची पंधरा मिनिटे टोळ्यांची आपापली कामे, दहा मिनिटे गाणे किंवा गोष्ट, आणि शेवटची पाच मिनिटे समारोप. हे वेळापत्रक कागदावर लिहून खिशात ठेवावे, आणि प्रसंग पाहून मोडावे. परंतु खिसा रिकामा ठेवून मैदानावर जाऊ नये.

खेळ घेणाराने काही पथ्ये पाळावीत. नियम चार वाक्यांत सांगता येत नसतील तर तो खेळ त्या दिवशी घेऊ नये. आधी सांगा, मग एका टोळीकडून करून दाखवा आणि लगेच सुरू करा. शिट्टी कमी वाजवा. सारखी वाजणारी शिट्टी मुलांना ऐकू येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे पथ्य हे, की खेळ ऐन रंगात असताना थांबवावा. मुले “गुरुजी, अजून एकदा!” म्हणत असतानाच तो बंद केला, तर पुढच्या आठवड्यास ती धावत येतात. कंटाळा येईपर्यंत चालविलेला खेळ पुन्हा कोणी मागत नाही.

आता माझी एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी बाद होण्याचे खेळ फार घेत असे. चेंडू लागला की बाद, शिवले की बाद, आणि बाद झालेल्याने गडग्यावर जाऊन बसावयाचे. माझ्या पथकात दम लागणारा एक मुलगा होता. तो दर खेपेस पहिल्या मिनिटातच बाद होई आणि उरलेला सारा वेळ गडग्यावर बसून इतरांचा खेळ पाही. मला वाटे, बसला आहे शांतपणे, बरे आहे. एके दिवशी बाजारात त्याची आई भेटली. ती म्हणाली, “गुरुजी, त्याला बसायचंच असेल तर घरी बसू दे. चार काजूबिया तरी फोडील.” ती रागाने बोलली नाही, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. पुढच्या सभेत मी घड्याळ लावून पाहिले. वीस मिनिटांच्या खेळात तो मुलगा मिनिटभरही खेळला नव्हता. ज्याला खेळाची सर्वांत अधिक गरज होती, त्यालाच मी सर्वांत कमी खेळ देत होतो. आणि जो आधीच चपळ, त्याला सर्वांत जास्त.

त्या दिवसापासून मी नियम बदलला. बाद झालेल्याने गडग्यावर बसावयाचे नाही. आंब्याच्या झाडापर्यंत जावयाचे, तेथे टांगलेल्या दोरीला सांगितलेली गाठ बांधावयाची, टोळीनायकाकडून तपासून घ्यावयाची आणि पुन्हा खेळात शिरावयाचे. तो मुलगा पुढेही धावण्यात मागेच राहिला. पण सर्वांत जास्त वेळा तो बाद होई, म्हणून सर्वांत जास्त गाठी त्यानेच बांधल्या. दिवाळीपर्यंत पथकात त्याच्याइतक्या चटकन गाठ बांधणारा दुसरा कोणी उरला नाही. तेव्हापासून नवा खेळ निवडताना मी एकच प्रश्न विचारीत आलो, की यात सर्वांत मागे राहणारा मुलगा किती मिनिटे खेळेल?

त्याच न्यायाने गुण नेहमी टोळीला द्यावेत, एकट्या मुलाला देऊ नयेत. आणि ते महिन्याअखेर एकत्र मोजावेत. म्हणजे चपळ मुलगा मागे पडलेल्याला हिणवीत नाही, शिकवितो. कारण त्याचा गुणही त्याच्यावर अवलंबून असतो.

आता काही खेळ. साहित्यासाठी संस्थेने फार खर्च करू नये. सुंभाची दोरी, करवंट्या, चिंध्यांचा चेंडू, जुनी पोती, चार काठ्या आणि एक शिट्टी एवढ्यावर वर्ष निघते.

पहिला खेळ किमचा. किपलिंग यांच्या 1901 सालच्या ‘किम’ या कादंबरीवरून त्याचे नाव पडले. एका ताटात चोवीस लहान वस्तू मांडाव्यात. आपल्याकडे काय उणे आहे? काजूबी, शिंपला, हळकुंड, बिब्बा, सुपारी, माशाचा गळ, जाळ्याचे शिसे, चावी, नाणे, पेन्सिलीचा तुकडा, सुकलेले आमसूल, काथ्याची पीळ. एक मिनिट पाहू द्यावे, वर पंचा टाकावा आणि आठवतील तेवढ्या वस्तू लिहावयास सांगावे. आधी प्रत्येकाने एकट्याने लिहावे, मग टोळीने मिळून. टोळीची यादी जवळजवळ नेहमीच लांब होते, आणि सहा डोकी एकत्र आली तर काय होते, हे व्याख्यान न देता मुलांना कळते. लहानग्यांना बारा वस्तू पुरेत. पुढे डोळे बांधून वासाने आणि स्पर्शाने ओळखण्याचा प्रकारही घ्यावा.

दुसरा खेळ दीपस्तंभाचा. रत्नदुर्गावरचा दीपस्तंभ आपण सर्वांनी पाहिला आहे. मैदानाच्या एका टोकास एक मुलगा दीपस्तंभ म्हणून उभा राहतो आणि ठराविक अंतराने टाळी वाजवितो. काही मुले खडक होऊन मध्ये बसतात आणि लाटेसारखा हलका ‘श्श्श’ आवाज करतात. उरलेली मुले डोळे बांधलेली गलबते. खडकाला न लागता त्यांनी बंदरात यावयाचे. पहिल्या वेळी सारी गलबते फुटतात. पण लवकरच मुलांना समजते, की धावून नव्हे, थांबून ऐकल्याने वाट सापडते. मस्तीखोर मुलास शांत करण्याचा याहून चांगला उपाय मला ठाऊक नाही.

तिसरा गाठींच्या शर्यतीचा. रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच आणि बोलाइन एवढ्या चार गाठी आल्या की पुष्कळ झाले. टोळीतील प्रत्येकाने आपली आखूड दोरी आधीच्याच्या दोरीस जोडावयाची. शेवटी सर्वांनी मिळून ओढावयाचे. गाठ सुटली तर टोळी हरली. येथे सुंभ आणि नायलॉन यांचा फरक कळतो. सुंभ हाताला काचतो पण धरून राहतो. नायलॉन गुळगुळीत, त्याची गाठ निसटते. माझी अशी सूचना आहे, की या गाठी शिकविण्यास पुस्तकापेक्षा मिरकरवाड्याच्या बंदरातील एखाद्या अनुभवी खलाशाला मानाने बोलवावे. त्याच्या बोटांत जे आहे, ते माझ्या फळ्यावर उमटत नाही.

चौथा पारध्याचा. मध्ये एक मुलगा डोळे बांधून बसतो, समोर चाव्यांचा जुडगा. बाकीच्यांनी चोरपावलांनी येऊन तो उचलावयाचा. आवाज ऐकून त्याने बोट दाखविले, तर त्याने पुन्हा कडेपासून सुरुवात करावी. उन्हाळ्यात आंब्याखाली पातेरा पसरलेला असतो. त्यावरून आवाज न करता चालणे हे काय दिव्य आहे, ते वडीलधाऱ्यांनीही एकदा करून पाहावे.

आपले देशी खेळ तर हक्काचेच. लगोरी, लंगडी, विटीदांडू, आट्यापाट्या, सुरपारंब्या, खो-खो. खो-खोचे नियम 1914 च्या सुमारास पुण्यात बांधले गेले, म्हणजे हा खेळ आपल्याच मातीत शिस्तीस आला. हे खेळ घेतले तर आजोबा कठड्यावरून नातवाला डाव सांगू लागतात. पथकाला गावाचा पाठिंबा असा मिळतो.

येथे कोणी विचारील, की रत्नागिरीस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात मुलांना काय खेळविणार? माझ्या मते पावसाळा ही अडचण नव्हे, शाळा आहे. सभागृहात किमचा खेळ, नकाशावाचन, निरोप पोहोचविण्याचा खेळ, पट्ट्या बांधण्याची शर्यत हे सारे होते. त्याशिवाय सरळ तोंडाच्या बाटलीचे पर्जन्यमापक करून प्रत्येक टोळीने पाळीपाळीने रोज सकाळी पाऊस मोजावा आणि भिंतीवरच्या तक्त्यावर लिहावा. चार महिन्यांनी मुलांनी स्वतः केलेला तो तक्ता पाहिला, की भूगोलाच्या पुस्तकातील आकड्यांना अर्थ येतो.

पाऊस उघडल्यावर बाहेर पडावे. एक मीटर काठी उभी करून तिची सावली मोजावी. ती 80 सेंटिमीटर भरली आणि त्याच वेळी माडाची सावली 12 मीटर असली, तर माड 15 मीटर उंच. झाडावर न चढता उंची कळते. भाट्याच्या पुळणीवर जाण्याआधी मुलांनीच भरतीची वेळ काढावी. आपल्या किनाऱ्यावरील जुना हिशेब असा, की तिथीच्या पाऊणपट वाजता साधारण पूर्ण भरती. अष्टमीस सहाच्या सुमारास, एकादशीस सव्वाआठच्या. हा ढोबळ हिशेब झाला. तो त्या दिवशीच्या छापील वेळेशी ताडून पाहण्यास लावावे. मात्र पुळणीवरचे खेळ पुळणीवरच. पाण्यात पाऊल नाही, हा नियम मी एकदाही सैल केला नाही, आणि आपणही करू नये.

आपल्या सड्यांवरील कातळशिल्पे हे तर पथकासाठी उघडलेले पुस्तक आहे. उक्षी, काशेळी, बारसू अशा ठिकाणची ही चित्रे 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. काशेळीचा हत्ती एका दृष्टिक्षेपात मावत नाही. दोऱ्या ताणून, चौकटी पाडून तो कागदावर प्रमाणात उतरविणे हा टोळीचा एका दिवसाचा उत्तम उपक्रम आहे. चित्रावर चालू नये, त्यात खडू भरू नये, एवढे आधी बजावावे. राजापूरकडे देवाचे गोठणे येथे तर सड्यावर होकायंत्राची सुई भलतीकडे फिरते. केवळ यंत्रावर भरवसा ठेवू नये, सूर्य आणि खुणाही पाहाव्यात, हे मुलांना सांगण्याऐवजी तेथे नेऊन दाखवावे.

सड्याचा विषय निघाला म्हणून दुसरी चूकही सांगितली पाहिजे. एका वर्षी कार्तिकात मी खजिन्याचा खेळ मांडला. सकाळी जाऊन दगडांच्या आणि डहाळ्यांच्या खुणा ठेवल्या. दुपारी टोळ्या निघाल्या. मध्यंतरी गुरे चरून गेली होती. काही खुणा विस्कटल्या, काही खाल्ल्या गेल्या. तीन टोळ्या वेळेवर परतल्या. चौथीतील दोन मुले परतली नाहीत. सूर्य बुडाला. खेळाची हद्द कोठवर, आणि वाट चुकली तर काय करावयाचे, हे मी सांगितलेच नव्हते. कंदील आणि बॅटऱ्या घेऊन आम्ही निघालो. दीड तासाने ती दोघे एका गडग्याच्या आडोशास बसलेली सापडली. एकाच जागी बसून ती आळीपाळीने हाका घालीत होती. मी विचारले, “तुम्ही चालत का राहिला नाहीत?” ती म्हणाली, “आमच्या टोळीनायकाने निघतानाच सांगितले होते, वाट चुकलात तर हलू नका.” तो टोळीनायक तेरा वर्षांचा होता. जे सांगणे माझे कर्तव्य होते, ते त्याने सांगितले होते. मुले सुखरूप आली. पण त्या दीड तासाचा हिशेब माझ्या मनात अजून मिटलेला नाही.

म्हणून मोठ्या खेळाचे माझे नियम ऐकून ठेवावेत. हद्द पायी फिरून दाखवावी. परतीची शिट्टी आणि परतीची वेळ ठरवावी. कोणी एकट्याने जाऊ नये. वाट चुकल्यास एका जागी थांबावे. निघताना आणि आल्यावर डोकी मोजावीत. खुणा खेळाच्या आधी पुन्हा तपासाव्यात. सूर्यास्तापूर्वी तास राखून खेळ संपवावा. पालकांची लेखी संमती आणि दोन प्रौढ माणसे यांवाचून आवाराबाहेर जाऊ नये.

आता कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण याचा उपयोग काय? आपण कोकणात राहतो. 2 जुलै 2019 रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची घरे आणि बागा झोडपल्या. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण पाण्यात बुडाले. अशा वेळी दूरची मदत येईपर्यंतचे तास शेजाऱ्यांचेच असतात. दोरी बांधता येणे, जखमीस उचलता येणे, घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाशी नीट बोलता येणे, आणि निरोप जसाच्या तसा पोहोचविता येणे, या गोष्टी त्या दिवशी शिकता येत नाहीत. त्या खेळात आधी शिकलेल्या असाव्या लागतात.

एकच उदाहरण देतो. आपल्या जांभ्या दगडात फुरसे पुष्कळ. मी टोळ्यांकडून ‘फुरसे चावले’ असा खेळ घेत असे. एक मुलगा चावलेला होई. टोळीने त्याला धीर द्यावयाचा, चालू द्यावयाचे नाही, पायातील साखळी किंवा हातातील अंगठी काढावयाची, चावलेला पाय फळीस बांधून स्थिर करावयाचा, आणि दोन काठ्या व सदरे यांच्या डोलीवरून ‘रुग्णालयात’ न्यावयाचे. जखम कापली, चोखली किंवा वर आवळून दोरी बांधली, तर सगळे गुण गेले. मांत्रिकाकडे नेले, तर टोळी बाद! बाद हा शब्द मी फक्त या एकाच ठिकाणी राखून ठेवला होता. आज 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. तेव्हा एकाने दूरध्वनी करून गाव, वाडी आणि खूण स्पष्ट सांगावयाची, हाही आता या खेळाचा भाग असावा. मुले घरी जाऊन हे आईवडिलांना सांगतात, आणि अशा रीतीने एका खेळाने एक वाडी शहाणी होते.

बंधुभगिनींनो, आता मी माझ्या मागणीवर येतो. येथे थोडे स्पष्ट बोलणार आहे. वयाचा मान म्हणून ऐकून घ्यावे.

पथक काढण्याच्या प्रस्तावात, ते केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांसाठी असावे, असे एक मत आहे. त्यामागची भावना मी समजतो. हे आवार आपल्या वाडवडिलांनी पै-पैसा जमवून घेतले. निधी आपल्या घरांतून येतो. आपली मुले एकमेकांस ओळखेनाशी झाली आहेत, त्यांनी एकत्र यावे, ही इच्छा योग्यच आहे. परंतु स्काऊट हा सर्वांचा मित्र आणि प्रत्येक स्काऊटचा भाऊ, हा त्या चळवळीचा नियमच आहे. दाराशी जात विचारून आत तो नियम शिकविता येणार नाही. मुले हुशार असतात. आपण सांगतो त्यापेक्षा आपण काय करतो, ते ती अधिक लक्षात ठेवतात.

मी आरंभी दोन गोष्टी मुद्दाम सांगितल्या होत्या. पहिल्याच शिबिरात निरनिराळ्या घरची मुले एका टोळीत घातली गेली. आणि आपल्या देशात मात्र प्रथम आपल्याच मुलांना दाराबाहेर ठेवले गेले. वाजपेयी, बेझंट, मालवीय यांना वेगळी पथके काढावी लागली, ती दार बंद होते म्हणून. ज्यांच्या मुलांनी एकदा बंद दार पाहिले, त्यांनी दुसरे दार बंद करावे काय? आणि हे आपले गाव कोणते? 1931 साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर ज्या गावात सर्व जातींच्या हिंदूंसाठी उघडले, ते हे गाव. त्याच गावात एकवीसाव्या शतकात पोरांच्या लगोरीला जातीचे कुंपण घालणे आपणांस शोभणार नाही.

माझी मागणी इतकीच आहे. आवार संस्थेचे असावे, देखरेख संस्थेची असावी, खर्चात संस्थेचा हात असावा. पण गल्लीतले, पलीकडच्या वाडीतले, बंदरावरचे कोणतेही मूल आले तर त्याला टोळीत जागा असावी. आणि टोळ्या पाडताना आपली मुले एका टोळीत, इतरांची दुसऱ्या टोळीत, असे करू नये, ब्राउनसीप्रमाणे मिसळाव्यात. याने आपल्या मुलांचे काही उणे होणार नाही. आपल्या संस्थेचे नाव ज्ञातीबाहेरच्या चार घरांत आदराने निघेल, हा लाभच आहे.

आणखी दोन सूचना. मुलींसाठी गाईडचे पथक त्याच दिवशी, त्याच वेळी सुरू व्हावे. मागाहून पाहू असे म्हटले की ते मागेच राहते. त्यासाठी आपल्या भगिनींपैकी दोघी-तिघींनी पुढे यावे. आणि जो तरुण पथक चालविणार असेल, त्याने संस्थेच्या खर्चाने रीतसर प्राथमिक प्रशिक्षण घेऊन पथकाची जिल्हा कार्यालयात नोंदणी करावी. उत्साह असला तरी विद्या लागतेच. मी ती उशिरा घेतली आणि तोवर गडग्यावर बसलेल्या मुलाची किती मिनिटे वाया घालविली, ते मघाशी सांगितलेच आहे.

मुंबई-पुण्याहून मे महिन्यात येणाऱ्या मंडळींनाही विनंती आहे. आपल्या मुलांच्या हातातील मोबाईलवर रागावून काही होत नाही. त्या हातात दोरी द्यावी लागते. सुट्टीतील पंधरा दिवस त्यांना येथील टोळीत पाठवा. ती परत जातील तेव्हा त्यांना भरतीची वेळ काढता येत असेल, आणि गावाकडे एक तरी मित्र असेल.

मी आता साठी ओलांडली आहे. सड्यावर पळणे होत नाही. पण पथक सर्वांसाठी उघडे राहणार असेल, तर दर रविवारी सायंकाळी येऊन आंब्याखाली बसेन आणि बाद होऊन येणाऱ्या मुलांच्या गाठी तपासून देईन, एवढे वचन आज या सभेत देतो.